हरल्यावर वाजायचं व्हायोलिन

९ जानेवारी

मामा,

वाकून नमस्कार करायला गेले तर कागद चुरगळेल, तेव्हा उभ्यानेच स्वीकार.

फोनवर तू "हां, हां" म्हणतोस आणि मामीकडे देतोस, म्हणून लिहितेय. शिवाय फोनवर तू नाही म्हणालास की विषय संपतो. पत्राला नाही म्हणायचं तर पाकीट आणावं लागेल, तिकीट चिकटवावं लागेल, कोपऱ्यापर्यंत जाऊन पेटीत टाकावं लागेल, आणि तुझा आळस मला चांगला ठाऊक आहे.

कामाचं बोलते. आमची कंपनी नवा व्हिडिओ गेम करतेय. त्यात एक कंदीलवाला आहे. दीपगृहातला दिवा विझलाय आणि त्याला दलदल ओलांडून पेटता कंदील तिथपर्यंत पोचवायचाय. खेळणाऱ्याने बटणं दाबून त्याला चालवायचं, मोडके पूल ओलांडायचे, मगर चुकवायची. चिखलात पडला की कंदील विझतो, आणि मग सगळं पहिल्यापासून.

आवाजाचं खातं म्हणजे मी एकटी. चिखलातली पावलं मीच काढते, बादलीत भिजवलेल्या वर्तमानपत्रांवर तळवे आपटून. बेडूकही मीच आहे. पण संगीत करणारा माणूस काम अर्धवट टाकून दुसरीकडे गेला, आणि साहेबांना आता कॉम्प्युटरचं संगीत नको, खरं व्हायोलिन हवंय. मी म्हटलं, माझा मामा वाजवतो. "कुठे?" "नाटकगृहात." त्यांच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं कोण जाणे, मी ते खोडून काढलं नाही.

करशील का? तुझं नाव लागेल.

चिंगी


१७ जानेवारी

चिंगे,

पाकीट आणि तिकीट मामीने आधीच आणून ठेवलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची पूर्ण सोय होती. तरी म्हणत नाही.

तुझ्या साहेबांच्या डोळ्यांपुढे काहीही असो, मी नाटकगृहात काय करतो ते तू पाहिलंयस. लोक खुर्च्या शोधत असतात तेव्हा मी वाजवतो. मध्यंतरात दारं आपटत बाहेर पळतात तेव्हा मी वाजवतो. पडदा वर गेला की रंगमंचापुढच्या खड्ड्यात व्हायोलिन मांडीवर घेऊन गप्प बसतो, कारण आता लोक ऐकायला लागलेले असतात. उभा जन्म असा गेला. तक्रार नाही, पगार वेळेवर होतो.

पण एक इच्छा आहे. ती मी मामीलासुद्धा कधी सांगितलेली नाही (माझी पत्रं ती टाकण्याआधी वाचते, तेव्हा आता कळेल). मी स्वतः रचलेलं काहीतरी लोकांनी बसून ऐकावं. हलू नये, बोलू नये, पिशव्यांचा आवाज करू नये. एकदाच. मग व्हायोलिन पेटीत घालायला मी मोकळा.

तर तुझ्या गेममध्ये लोक ऐकतील का, एवढंच कळव. हे खेळणारे खुर्चीला चिकटतात आणि हाक मारली तरी हलत नाहीत असं मामी म्हणते. मला असेच प्रेक्षक हवे होते.

मामा


२६ जानेवारी

मामा,

ऐकतील का? आता कसं सांगू तुला.

दोन तुकडे हवेत. पहिला चालण्याचा. तो ऐकू आला पाहिजे, पण लक्षात येता कामा नये. खेळणारा एकाच पुलावर तासभर अडकतो आणि तोवर तीच दीड मिनिटं फिरून फिरून वाजत राहतात. त्यात ठसठशीत चाल असली तर तो टीव्ही फोडेल. काहीच नसलं तर कंटाळून उठून जाईल. म्हणजे त्याला चालत तर ठेवायचं, पण कोणीतरी चालवतंय हे कळू द्यायचं नाही. शेवट सुरुवातीला असा जोडायचा की सांधा सापडू नये. संपवायचं नाही. मगर जवळ आली की मी वरून ढोल सोडणार, गेली की काढून घेणार, आणि तुझं व्हायोलिन दोन्ही वेळा आपल्या पायांवर उभं राहिलं पाहिजे. गेम उघडल्यावर पहिल्या पानावरही हेच वाजेल.

दुसरा तुकडा हरल्याचा. कंदील विझला की वाजायचा. तीन सेकंद, फार तर चार. तेव्हा मात्र खेळणाऱ्याचे हात रिकामे असतात, त्यामुळे तो ऐकतो. तुझी इच्छा तिथे भागव.

दीपगृहाला पोचल्यावरचं आधीच्या माणसाने करून ठेवलंय. त्यात बिगूल आहेत. साहेबांना बिगूल आवडतात.

चिंगी


१३ फेब्रुवारी

चिंगे,

दोन्ही पाठवतोय. ध्वनिमुद्रण नाटकगृहातल्या आवाजवाल्याने केलं. पेन ड्राइव्ह मामीने कापसात गुंडाळलाय, जसा काही त्याला पाळणाघरात पाठवतोय. एक प्रत इथे कपाटात ठेवली आहे.

चालण्याचं एका दुपारी उरकलं. लक्षात न येणारं वाजवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, तो माझा धंदाच आहे. लोक खुर्च्या शोधताना जे वाजवतो त्याचाच हा धाकटा भाऊ. दळण होतं, दळून दिलं.

बाकीचे सगळे दिवस हरल्याच्या तुकड्यावर गेले. तीन सेकंद म्हणतेस. अगं, माणूस अंधारातून एवढा चालून आला, पुलावरून पडला, हातातला दिवा गेला, आणि त्याला तू तीन सेकंदांत वाटेला लावणार? तेवढ्यात कपडेसुद्धा झटकून होत नाहीत. त्याच्याजवळ कोणीतरी थोडा वेळ बसायला हवं. दोन मिनिटं दहा सेकंद झालंय. कमी होत नाही. मी करूनही पाहिलं नाही.

वाजवून संपल्यावर आवाजवाला काचेपलीकडे तसाच बसून होता. मशीन बंद पडलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाला, आणि मग मशीन बंद केलं.

हे माझं आहे. बाकी काय हवं ते काप, याला हात लावू नकोस.

मामा


३ मार्च

मामा,

हेडफोन लावून ऐकलं. मग बादलीतली वर्तमानपत्रं बदलायला म्हणून उठले आणि बादलीपाशीच उभी राहिले. फार सुंदर आहे रे. हे मी भाची म्हणून बोलत नाही. भाची म्हणून मी तुला नेहमी "बरं आहे" म्हणते.

दोन मिनिटांची गोष्ट साहेबांच्या कानावर न घालता मी ते तसंच्या तसं गेममध्ये बसवलं. आता तपासणी चालू आहे. म्हणजे आमच्याकडे काही माणसं पगारावर दिवसभर गेम खेळतात आणि कुठे काय बिघडलंय ते सांगतात. तर ही माणसं तुझं ऐकतायत. हातातली बटणं टेबलावर ठेवून ऐकतायत. पुन्हा पुन्हा ऐकतायत.

सविस्तर मागाहून. इथे जरा गडबड आहे.

चिंगी


९ मार्च

चिंगे,

तुझं पत्र मी खड्ड्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. बासरीवाला पंचवीस वर्षं माझ्या डाव्या कोपराला कोपर लावून बसतोय. तो म्हणाला, "तुम्ही रचता? कधीपासून?" ढोलवाल्याने मध्यंतरात मला स्वतःच्या पैशाने चहा पाजला, जे त्याच्या घरच्यांनासुद्धा खरं वाटणार नाही.

गडबड कसली आहे ते लिहिलं नाहीस. यशाची असणार. नाटक चाललं की इथेही कोणाचा पाय जमिनीवर नसतो.

एक शंका आहे. पुन्हा पुन्हा ऐकतात म्हणजे पुन्हा पुन्हा हरतात. खेळण्याचाच पगार घेणारी माणसं इतकी कच्ची कशी?

मामा


२१ मार्च

मामा,

कच्ची नाहीत, तोच तर घोळ आहे. मुद्दाम हरतायत.

पहिल्या पुलावर जातात, सरळ चिखलात उडी टाकतात, बटणं खाली ठेवतात आणि पाय लांब करून बसतात. एक बाई जेवायला जाण्याआधी रोज नेमाने एकदा बुडते. मगरीबद्दल एकही तक्रार आली नाही म्हणून सगळे खूश होते. मग कळलं की मगरीपर्यंत कोणी गेलंच नव्हतं. साहेबांना वाटलं पूलच बिघडलाय. दोन माणसं आठवडाभर तो पूल दुरुस्त करत होती. शेवटी साहेब स्वतः खेळायला बसले. पडले. दोन मिनिटं दहा सेकंद गप्प बसले. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "उत्तम आहे. काढून टाका. हरणं इतकं चांगलं असलं तर जिंकेल कशाला कोणी?"

मी अडून बसले. त्यात काय काय झालं ते जाऊ दे, नोकरी अजून आहे. शेवटी साहेबांनी तुझ्यावर सोडलंय. एक तर ते हरल्यावरच ठेवायचं, पण पहिले चार सेकंदच. ते प्रत्येकाच्या कानावर पडेल, दिवसातून पन्नास वेळा, आणि प्रत्येकजण शिव्या घालेल. नाहीतर बिगूल काढून टाकायचे आणि दीपगृहाला पोचल्यावर तुझं वाजवायचं. अख्खं, एक सूरही न कापता, वर आकाशात तुझं नाव. हरल्यावर मग दुसरं काहीतरी लावू.

नीट विचार करून कळव. घाई करू नकोस.

चिंगी


२५ मार्च

चिंगे,

यात विचार कसला करायचा? चार सेकंदांत तर मी नुसता गज तारेवर टेकवतो. दीपगृह.

शेवटपर्यंत लोक पोचतील का, अशी काळजी तुझ्या पत्रातून डोकावतेय. तू नाटकाच्या धंद्यात नाहीस म्हणून तसं वाटतं. पैसे भरून आत आलेला माणूस शेवट बघितल्याशिवाय उठत नाही, नाटक कितीही पडलेलं असो.

खड्ड्यात सांगून टाकलंय. बिगूल हटवून आपलं व्हायोलिन लागलं म्हटल्यावर बासरीवाल्याने माझ्याशी हात मिळवला.

मामा


४ सप्टेंबर

मामा,

गेम बाजारात आला. बरा खपतोय. दीपगृहाचा दिवा लागतो, मग आकाशात पांढऱ्या अक्षरांत तुझं नाव उमटतं आणि तुझं व्हायोलिन सुरू होतं. मी ऑफिसात बसून तीनदा पाहिलं.

लोकांना गेम आवडलाय. तुझ्या रचनेबद्दल अजून फारसं कानावर नाही, पण अशा गोष्टींना वेळ लागतो. हरल्यावर दोन सूर लावलेत, ऑफिसात कोणीतरी केलेत. त्यांचं मात्र लोकांनी फारच मनावर घेतलंय.

पुढच्या गेममध्ये घोडे आहेत आणि टापा काढून काढून माझे तळवे सोलवटलेत, म्हणून एवढंच.

चिंगी


२८ सप्टेंबर

चिंगे,

हे पत्र मामाला न सांगता टाकतेय. तो पलीकडच्या खोलीत दलदलीत आहे.

तिकीटखिडकीवरच्या बाईंकडून त्याने गेमचं जुनं यंत्र आणलंय. उठला की कंदील हातात. आंघोळीला तीन हाका, जेवायला चार. घरात माणूस आहे असं शेजाऱ्यांना सांगायला बरं, बाकी उपयोग शून्य. आणि एवढं करून स्वारी अजून दुसऱ्या पुलापलीकडे गेलेली नाही. पडला की ते दोन सूर वाजतात, कोणी जीभ काढून वेडावतंय असे. दूधवाला तेच गुणगुणतो. परवा नाटकात नट वाक्य विसरला तर वरच्या मजल्यावरून कोणीतरी तोंडाने तेच वाजवलं आणि अख्खं थिएटर खिदळलं.

मामा पहिल्याच दिवशी म्हणाला, "वरचा सूर उतरलाय. इतका नेमका उतरवणारं जगात एकच माणूस आहे, आणि तिला मी तीन वर्षं शिकवलंय." तर ते तुझेच ना? त्याला राग आलेला नाही. म्हणजे आलाय, पण सूर उतरल्याचा.

आता खरी गोष्ट. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी नाटक नाही, तेव्हा त्याने खड्ड्यातल्या सगळ्यांना घरी बोलावलंय. त्यांच्यासमोर दीपगृहापर्यंत जाणार आणि आपलं व्हायोलिन ऐकवणार. मी म्हटलं, अहो, प्रत कपाटात आहे, ती लावा. तर म्हणाला, "कपाटातून काढून लावलं तर ते चहा पीत ऐकतील. चालून तिथवर पोचलो तर गप्प बसून ऐकतील."

चिंगे, त्याने हे फार मनाला लावून घेतलंय. लोकांसमोर दुसऱ्या पुलावर पडून राहिला तर मला बघवणार नाही. काहीतरी कर.

मामी


६ ऑक्टोबर

मामा,

मामीने मला काही कळवलेलं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तू तिला विचारणार नाहीस.

दोन सूर माझे. पाच मिनिटांत केले, बेडूक करता करता. साहेब म्हणतात कंपनीच्या इतिहासातलं हे सर्वांत यशस्वी संगीत आहे. मला कुठे तोंड लपवावं कळत नाही.

आणि दीपगृहाला शंभरातले चार पोचतात. तू उत्तर दिलंस तेव्हाच मला अंदाज होता. तुझं पत्र इतकं खुशीतलं होतं की माझ्याच्याने लिहवलं नाही.

सोबतच्या चिठ्ठीवर आकडे आहेत. पहिल्या पानावर ते दाबलेस की थेट शेवटच्या पुलावर उतरशील, दीपगृह तिथून चार पावलांवर. कोणाला कळणार नाही. आमच्याकडे सगळे हेच करतात. वापर, माझ्यासाठी वापर.

चिंगी


५ नोव्हेंबर

चिंगे,

आकडे वापरले नाहीत. चिठ्ठी पाकिटातच आहे. शंभरात चार हे काही कमी नाही. आमच्या खड्ड्यातून वर रंगमंचावर अजून एकही गेलेला नाही.

सोमवारी सगळे आले. बासरीवाला, ढोलवाला, पडदेवाला, तिकीटखिडकीवरच्या बाई. मामीने खुर्च्या ओळीने मांडल्या आणि पडदे ओढून खोलीत अंधार केला. मी पुढे जमिनीवर बसलो, सवयीने त्यांच्यापेक्षा खालीच.

दुसऱ्या पुलावर पडलो. तुझे दोन सूर वाजले आणि सगळे हसले. पुन्हा पडलो, पुन्हा हसले. त्यानंतर काय झालं मला सांगता येणार नाही, पण हात एकदम मोकळा झाला आणि मी मगरीच्या पुढे गेलो. मग कोणी हसेना. मगर जवळ आली की तू सोडलेल्या ढोलाबरोबर ढोलवाला मांडीवर ठेका धरी, आणि पडदेवाला आयुष्यभर दोऱ्या ओढलेला माणूस, तो "डावीकडे घ्या, डावीकडे" म्हणत स्वतःच डावीकडे झुके. शेवटच्या पुलावर खांदे भरून आले होते. पण पोचलो. कंदील ठेवला. दिवा लागला. आकाशात माझं नाव आलं आणि बाईंनी ते मोठ्याने वाचलं. पहिला सूर लागला.

आणि मी बटण दाबलं.

दोन महिने माझा अंगठा एवढंच शिकला होता की समोर काहीही नवीन आलं तरी दाबायचं आणि चालू लागायचं. हा सूर कोणाचा, हे त्याला काय माहीत. खाली कोपऱ्यात "पुढे" असं लिहिलेलं होतं, ते मामीने मला नंतर सांगितलं. नाव गेलं, दीपगृह गेलं, आणि गेम पहिल्या पानावर येऊन उभा राहिला. दलदलीच्या काठावर कंदीलवाला, आणि चालण्याचं संगीत सुरू.

मागे वळून सांगणार होतो की हे नव्हे, चूक झाली, जरा थांबा, कपाटात प्रत आहे. वळलो तर सगळे ऐकत होते.

चिंगे, कोणी हलत नव्हतं. बासरीवाल्याने डोळे मिटले होते. ढोलवाल्याचे हात गुडघ्यांवर होते, आणि ते हात गप्प असलेले मी कधी पाहिले नाहीत. बाईंनी पर्स पोटाशी घट्ट धरली होती, तिचा आवाज होऊ नये म्हणून. त्यांना वाटलं हेच ते, ज्यासाठी मी एवढा चालून आलो. एका दुपारी उरकलेलं दळण. दीड मिनिट झालं, सांधा आला आणि गेला, कोणाला कळला नाही. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. ते संपतच नाही, त्यामुळे टाळी वाजवायला जागा सापडेना, आणि ती सापडेपर्यंत ऐकत राहण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

मग मीही ऐकत बसलो. हातात गज नाही, बटण नाही, असं मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. वाईट नाहीये ते. उशिरा आलेला माणूस अंधारात गुडघे सांभाळत आपल्या खुर्चीपर्यंत सरकतो ना, त्याच्या चालीचं आहे. इतकी वर्षं तो माझं ऐकत नाही म्हणून मी त्याच्यावर रुसलो होतो, आणि वाजवत मात्र त्याच्याच पावलांनी होतो. मला रडू आलं. अंधार होता म्हणून मामीशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

खरं काय झालं ते मी त्यांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. कपाट उघडलं नाही.

बऱ्याच वेळाने बासरीवाला वाकून माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "संपतं कधी?"

"संपत नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणाला, आणि खुर्ची जरा पुढे ओढून पुन्हा नीट बसला.

मामा